हिरवं दिसतंय तोवर

आमच्या पिकअपला मागचं बघायला कॅमेरा होता, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच पटलेली होती.

गाडीबरोबर आलेल्या त्या कॅमेऱ्यात सगळं ताकात बुडवून काढल्यासारखं दिसायचं. दिवसा पांढरं, दिवस मावळला की काळं. मधल्या वेळात जे करडं दिसायचं ते म्हैस आहे, कडब्याची गंज आहे की आमची आई आहे, हे खाली उतरूनच बघावं लागायचं. (आईनं हे वाक्य अजून माफ केलेलं नाही.) एकदा सिरसाळ्याच्या बाजारात शेळ्या उतरवायला गेलो आणि या कॅमेऱ्याच्या भरवशावर एका मावशींच्या कोथिंबिरीच्या ढिगावर चढलो. मावशी जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून गाडी मागं घ्यायची म्हटलं की माझी बायको सुनंदा मागं उभी राहायची आणि गाडीच्या मागच्या फाळक्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या, बास" करायची. ती माहेरी वडिलांचा ट्रॅक्टर चालवत वाढलेली. लायसनसुद्धा काढून ठेवलेलं. पिकअप मला द्या, असं तिनं कितीदा तरी म्हटलं आणि पिकअपचं काम वेगळं असतं असं मी तितक्यांदा सांगितलं. शेवटी एक दिवस ती चारचौघांत म्हणाली, "मागनं सांगणारी मी. मग गाडी चालवतंय कोण?"

हे मला लागलं. दुसऱ्याच दिवशी केजला जाऊन नवा कॅमेरा बसवून घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं तीन प्रकार सांगितले. नुसता कॅमेरा बदला, किंवा मोठी स्क्रीन घ्या, किंवा काही जवळ आलं की पीं-पीं करणारं यंत्र लावा. पीं-पीं करायला घरात माणूस आहे, असं सांगून मी मोठी स्क्रीन आणि रात्री दिसणारा कॅमेरा घेतला. स्क्रीनवर रंगीत रेघा यायच्या. दुकानदार म्हणाला, "हिरवं दिसतंय तोवर बिनधास्त या. पिवळं दिसलं की जरा दमानं. लाल दिसलं की ब्रेक."

घरी आल्यावर मी आईच्या साक्षीनं सुनंदाला शब्द दिला. आता कुठं धडकलो तर चावी तुझी. पण मागं उभं राहून तू एक शब्द बोलायचा नाही. तिनं लगेच मान डोलावली. (इतक्या लगेच डोलावली, तिथंच मला कळायला हवं होतं.)

स्क्रीन बघायला सगळी गल्ली लोटली. एवढ्या डोळ्यांत भरलेल्या वस्तूला नजर ही लागणारच. म्हणून मी स्वतःच्या हातानं लिंबू-मिरची बांधली. शहाणी माणसं ती पुढच्या बंपरला बांधतात. मी विचार केला, नजर कॅमेऱ्याला लागणार, तर राखणही कॅमेऱ्याचीच व्हायला हवी. बरोब्बर त्याच्यावर लटकवली.

मग आम्ही मेहुणीच्या लग्नाचं कपाट घेऊन युसूफ वडगावला, माझ्या सासुरवाडीला निघालो. तिथपर्यंत गाडी मागं घ्यायची वेळच आली नाही. अंगणात मांडव घातलेला, खाली सासरे तात्या आणि सोयरेमंडळी चहा पीत बसलेली. मी ऐटीत गाडी वळवली, सुनंदाला उतरवलं आणि रिव्हर्स टाकला.

स्क्रीनवर हिरवंगार. रेघा एवढ्या जाड असतात हे दुकानदार बोलला नव्हता, पण महागाची वस्तू म्हटल्यावर असतील. मी बिनधास्त येत राहिलो. आरशात बघणं म्हणजे नव्या कॅमेऱ्याचा अपमान, तरी एकदा चुकून नजर गेली तर सुनंदानं हात वर केलेला. मी डोळे वटारले. तिनं हात खाली घेतला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तेवढ्यात स्क्रीनवर पिवळं काहीतरी झुललं. सांगितल्याप्रमाणे मी दमानं घेतलं. दमानं घेत घेत मांडवाचा मधला खांब पाडला.

मांडव काही धाडकन पडला नाही. सावकाश खाली बसला. कापडाखाली पाहुण्यांची डोकी तेवढी टेंगळांसारखी वर दिसत होती. कुणाला लागलं नाही, पण माझा जीव अर्धा झाला. तात्या कडेनं बाहेर आले. हातातली कपबशी तशीच.

"जावईबापू, मागचं दिसत न्हाई का तुमाला?"

"दिसतंय की तात्या. हिरवं दिसतंय."

"मंग या अजून," तात्या म्हणाले.

सुनंदा मागं गेली, लिंबू-मिरची तोडली आणि माझ्या हातात ठेवली. लाल दिसलं की ब्रेक मारायचा होता, म्हणजे मिरच्या वाळेपर्यंत मला थांबता येणारच नव्हतं. तिनं दुसरा हात पुढं केला. मी चावी दिली.

खांब उभा करून झाल्यावर तिनं गाडी मागं घ्यायला घेतली. तिचं चुकू नये म्हणून (खरं तर सगळे सोयरे बघत होते म्हणून) मी मागं जाऊन फाळक्यावर थाप मारली आणि जोरात म्हणालो, "येऊ दे, येऊ दे!"

तिनं खिडकीतून डोकं काढलं. "अहो, बाजूला सरा. कॅमेऱ्यात तुमीच तेवढे आडवे येताय."

मी सरलो. गाडी एका दमात मांडवाच्या कडेला लागली. कॅमेरा मात्र लई चांगला निघाला. माझा पडलेला चेहरासुद्धा तिला त्यात स्वच्छ दिसला म्हणे.