नंदुरबारला त्सुनामीचा इशारा

रेडिओत नोकरी केली की किस्से आपोआप गोळा होतात. लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणतंच, "सांग गं तो त्सुनामीचा!" मी सांगते, सगळे पोट धरून हसतात. मला मात्र हल्ली हसू येत नाही. डोकं फिरतं.

तर तोच आधी. आमचं केंद्र लहान, सातपुड्याच्या पायथ्याशी. पुराचा, वादळाचा इशारा आला की गाणं थांबवून वाचायचा, हे माझं काम. एका उन्हाळ्यात मेल आला : त्सुनामीचा सराव, सर्व केंद्रांनी मजकूर वाचावा. "किनाऱ्यापासून दूर जा, उंच जागी जा."

मी केंद्रप्रमुखांना म्हटलं, "सर, आपल्याकडे समुद्र कुठंय?"

"सर्व म्हटलंय ना? मग आपणही त्यात आलो. वाचा!"

वाचलं. 'हा सराव आहे' हे वाक्य नेमकं शेवटी! तिथवर पोचायच्या आत तापीकाठच्या प्रकाशा गावचा एक शेतकरी रेडिओ बंद करून नदीकडे पळालासुद्धा. नंतर त्याचा फोन आला, "ताई, किनारा म्हंजे तापीनाच ना? मोटार काढी लिन्ही मी."

पाण्याची मोटार परत बसेपर्यंत त्याची केळी सुकली. आमचा सराव मात्र यशस्वी झाला. तसं कळवलंसुद्धा वर!

*

खरा इशारा कसा असतो ते ऐका. "नदीपात्रात विसर्ग करण्यात येत असून सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे." हा मजकूर मी गणपतीच्या दिवसांत वाचला.

माझी नणंद प्रकाशाला दिलीय. तिनं ऐकलं, गल्लीतल्या बायका गोळा केल्या, पोरांना नवे कपडे घातले आणि सगळी वरात तापीच्या घाटावर! पोलिसांनी काठ्या आपटून हाकललं, तेव्हा पाणी पायऱ्या चढत होतं.

संध्याकाळी फोनवर माझ्यावरच भडकली. "वहिनी, तूच सांगं व्हतं ना, तापीमां इसर्जन शे!"

पोरं वाचली, म्हणून हा किस्सा झाला. नाहीतर बातमी झाली असती, आणि तीही मीच वाचली असती.

*

मग मी ठरवलं, आता पुरे. पुढच्या इशाऱ्याला सरळ अहिराणीत सांगितलं, "तापीले पानी सोडी ऱ्हायनात. काठवर जाऊ नका. ढोरं वर बांधा."

लोकांनी ढोरं वर बांधली. मला मेमो आला! अधिकृत मजकुराची भाषा बदलली म्हणून. सर म्हणाले, "मॅडम, आपल्या भाषेला एक दर्जा आहे."

"सर, पण लोकांना कळलं!"

"तो मुद्दा नाही."

*

पुढच्या पावसाळ्यात इशाऱ्याला चक्क प्रायोजक मिळाला. पाण्याचे पंप विकणारा! आधी ढोलकी, मग "पाणीच पाणी, कुठंही, कधीही!" आणि त्याला लागून माझा आवाज, "तापीची पातळी वाढत आहे."

मी भांडले. निदान इशारा तरी आधी घ्या.

"करारात जाहिरात आधी आहे. लोक थांबतील तेवढे."

"लोक थांबतील हो सर. पाणी थांबेल का?"

सर शांतपणे म्हणाले, "वाचताना आवाजात तक्रार येऊ देऊ नका. स्पॉन्सर ऐकतो."

*

आणि आमची रुमाली. पावरी भाषेतला कार्यक्रम ती करते. माहेर धडगावच्या पलीकडे, नर्मदेच्या काठच्या पाड्यात. तिथं मोबाइलला रेंज नाही. रेडिओ तेवढा लागतो.

त्या दिवशी ऑफिसच्या टीव्हीवर नर्मदेवरचं धरण काठोकाठ भरल्याची बातमी होती. ड्रोनमधून दिसणारं पाणीच पाणी, वर संगीत, आणि निवेदिका म्हणत होती, "डोळ्यांचं पारणं फेडणारं दृश्य!" सर खूश. "रुमाली, ये इकडे, बघ तरी!"

रुमालीनं बघितलं. म्हणाली, "सर, धरण भरलं की पाणी मागं आमच्याकडे चढतं. काठच्या पाड्यांसाठी सूचना आली का?"

"नाही आली. आल्याशिवाय वाचता येत नाही."

ती स्टुडिओत गेली, आतून कडी लावली, गाणं मध्येच तोडलं आणि पावरीत बोलू लागली. आम्हाला एक अक्षर कळेना. पाड्यांची नावं तेवढी समजली. आवाज चढला नाही की कापला नाही. सर काचेवर थापा मारत होते. ती थांबली नाही.

तिची आई, भाऊ, शेजारपाजारची माणसं अंधार पडायच्या आत टेकडीवर पोचली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

रुमाली बाहेर आली तेव्हा सर लालबुंद झाले होते. "काय बोललीस तू? मला कळलं पाहिजे!"

रुमालीनं पदर खोचला. म्हणाली, "तुमच्यासाठी नव्हतं सर. तुमचं घर उंचावर आहे."