पंपघरातलं पोतं

दाऊदभाई कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या बिजागरीवर अंगठा फिरवत आणि मग यजमानाला सलाम करत. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा कपाटाच्या पायावरून फिरवलेला तांबूस अंगठा त्यांनी माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "गंज लागत नाय भाऊसाहेब, आपण लावतो." मी गुहागर तालुक्यातल्या त्या खाडीकाठच्या गावात नवा ग्रामसेवक आणि ते नळपाणी योजनेचे पंपचालक. हा माणूस डोक्याला ताप होणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

त्यांची उमेदीची वर्षं आखातात गेली होती, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून. तिथे लोखंड खरवडायला वेगळी पगारी माणसं असत, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. इथे ती सगळी माणसं म्हणजे ते एकटेच. रोज सकाळी मोटरच्या विजेच्या पॅनेलची पेटी कोरड्या फडक्याने पुसायची, स्क्रूंना ग्रीसचं बोट लावायचं आणि मगच मोटर चालू करायची. तोवर नळावरच्या बायका बोटं मोडत. "आधी पुसा, मग वापरा" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांचं खरं वैर होतं एका पोत्याशी. पाण्यातले जंतू मारायला टाकायची टीसीएल पावडर त्या पोत्यात, पंपघरात, मोटरच्या पॅनेलला खेटून ठेवलेली असे. तिच्या वाफेने पेटीला भोकं पडत आणि आतलं तांबं हिरवं होई. खारी हवा आपल्या हातात नाही, पण ही वाफ आपणच कोंडून ठेवलीय, असं ते दर आठवड्याला येऊन सांगत. मी दर आठवड्याला नियम दाखवी. पावडर कुलपात हवी, साठा नोंदवहीप्रमाणे जुळायला हवा आणि कुलपाची खोली गावात एकच. विहिरीपलीकडे जुन्या इंजिनाची खोली रिकामी होती. तिला दार होतं, कडी नव्हती. कडी मी लावतो, असं ते म्हणाले. नोंदवहीत जागा 'पंपघर' अशी लिहिलेली आहे, ती मंजुरीशिवाय बदलता येणार नाही, असं मी म्हणालो. प्रस्ताव वर पाठवला. तो वरच राहिला.

मग तिसऱ्या वर्षी तपासणी आली. मी पेटीला चंदेरी रंग मारून घ्यायला सांगितला. आधी खरवडू दे, दोन दिवस द्या, म्हणून त्यांनी अक्षरशः हात जोडले. तपासणी दुसऱ्या दिवशी होती. त्यांनी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. शेवटी शिपायाने गंजावरच रंग फासला आणि वरून आलेल्या साहेबांनी स्वच्छतेचं कौतुक केलं.

ऐन मे महिन्यात पॅनेल जळलं. रत्नागिरीहून कारागीर येऊन नवं बसेपर्यंत आठ दिवस गाव कोरडं राहिलं. त्याच आठ दिवसांत भरलेल्या ग्रामसभेत बायका रिकामे हंडे घेऊनच आल्या. देखभाल कुणाकडे होती, असं सरपंचांनी मला विचारलं. पोत्याबद्दल बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "पंपचालकाकडे."

दाऊदभाई उठले. त्यांनी भांडण केलं नाही, माझ्याकडे बोटही दाखवलं नाही. पंपघराची चावी माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "नवा पॅनेल येल, तो तरी वाचवा. पोता तेवढा भायेर काढा." आणि गेले. पुढे रस्त्यात दिसले तर सलाम करत. मला तो घ्यायची लाज वाटे, म्हणून मी वाट बदलू लागलो. नव्या पॅनेलशेजारी पोतं होतं तिथेच होतं, कारण मंजुरी आली नव्हती.

पावसाळ्याच्या अखेरीस हृदयविकाराने ते गेले. मी मयतीला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून कडी-कोयंडा आणला. जुन्या खोलीच्या दाराला तो स्वतः ठोकला, पोतं पाठीवर घेऊन तिकडे नेलं, नोंदवहीतलं 'पंपघर' खोडून 'जुनी इंजिन खोली' लिहिलं आणि खाली सही केली. महिनाअखेरीस पावडरीचा साठा तपासायला आरोग्यसेवक आला. त्याने पोतं पाहिलं, वहीवर सही केली, चहा घेतला आणि पुढच्या गावी गेला. जागा का बदलली, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं. दाऊदभाई तीन वर्षं माझ्याकडे तेवढंच मागत होते.