पर्यटक नवरा

आम्ही दोन पुरुषांनी कॅनडात जाऊन रीतसर लग्न केलं, पण मी नोकरी करतो त्या सिंगापूरच्या लेखी माझा नवरा निव्वळ पर्यटक! इतरांच्या बायकांना मिळणारा डिपेंडंट पास त्याला मिळेना, म्हणून पर्यटक म्हणून राहण्याची मुदत संपताच तो मायदेशी परत गेला.

त्याच आठवड्यात इथेच सिंगापुरात, सेंगकांगला मित्राकडे सत्यनारायण होता. पंगतीत वहिनींनी एकेका जोडप्याला उखाणे घ्यायला लावले. सगळ्यांत मोठ्याने ‘वन्स मोअर’ मीच ओरडत होतो. माझी पाळी आली तशा वहिनी म्हणाल्या, “भाऊजींना सोडा गं, त्यांचं कुठे लग्न झालंय!”

मी छातीवर हात ठेवून नाटकी उसासा सोडला. पंगत खो-खो हसली.

घरी आलो, त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर घसा खाकरला आणि झोकात नाव घेतलं. यमक झकास जुळलं होतं. ‘वन्स मोअर’ कुणी म्हटलं नाही.