म्होरकीचे कान

जिंतूरच्या एसटी स्टँडसमोर, चहाच्या हॉटेलाला खेटून, बन्सीधर मिस्तरीची पत्र्याची टपरी होती. रेडिओ, टेप, पंखे, भोंगे, जे येईल ते तिथं दुरुस्त व्हायचं. पण शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर बन्सीधरनं पाटीवरचं सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहायला सांगितली : ‘गेलेला आवाज काढून मिळेल.’

पाटी रंगवणारा पेंटर ब्रश थांबवून म्हणाला, "वैद्यकी सुरू केली का काय मिस्तरी? माज्या सासूचा आवाज बसलाय बगा."

"तिचा बसलेलाच राहू दे, तुलाच बरं हाय," बन्सीधर म्हणाला.

त्याचं असं होतं. त्या वर्षांत घरोघर टेप आले होते. कुणाचा भाऊ पुण्याला, कुणाचा पोरगा सौदीला. पत्राऐवजी कॅसेट यायची. पत्र कसं जपावं हे लोकांना ठाऊक होतं, आवाज कसा जपावा हे कुणाला ठाऊक नव्हतं. कॅसेटी चुलीवरच्या फळीवर वितळायच्या, गळक्या कोनाड्यात भिजायच्या, त्यांच्या फितीला बुरशी धरायची. बन्सीधर कॅसेटचे स्क्रू खोलून फितीवर हलक्या हातानं स्पिरिटचा कापूस फिरवायचा. तुटलेली टोकं दाढीच्या ब्लेडनं तिरपी कापून जोडायचा. भिजलेली कॅसेट ज्वारीच्या पोत्यात चार दिवस पुरून ठेवायचा, ज्वारी ओल ओढून घ्यायची.

चारठाण्याच्या एका माणसाची तर शेळीच लग्नाची कॅसेट खात होती. अर्धी फीत बाहेर, अर्धी पोटात. माणूस शेळीसकट एसटीनं आला. बन्सीधर दोन तास शेळीपुढं बसून, ती रवंथ करील तशी वीतवीत फीत ओढत राहिला. मग धुतली, वाळवली, जोडली. मंगलाष्टकं सगळी निघाली. शेवटचं ‘सावधान’ तेवढं शेळीनं पचवलं.

अशा कामात बन्सीधरला जो आनंद व्हायचा, तो पंखा दुरुस्त करून होत नसे. वय चाळीस झालं होतं. उरलेला जन्म आवाज काढण्यातच घालवायचा, असं त्यानं ठरवलं. आणि त्यासाठी एक चांगलं यंत्र घ्यायला निघाला.

बायको, सुमनबाई, म्हणाली, "आवं, टेप हाय की घरात. आणिक कशाला?"

"त्यो वाजवायचा टेप हाय. मला ऐकायचा पायजे."

परभणीत वाहेदभाई जुनी-नवी यंत्रं विकायचे. त्यांनी तीन यंत्रं काढून पुढं ठेवली. "ले जाव मिस्तरी तीनों. आठ दिन सुनो. एक रखो, दो वापस लाव. कौनसा अच्छा, ये मैं नै बोलता. मेरे कान से लिये तो उमरभर मेरे कान सेच सुनना पडेंगा."

एसटीचा कंडक्टर म्हणाला, तीन पेट्या, तीन तिकिटं. बन्सीधर म्हणाला, मग तिघींना खिडकीजवळच्या जागा द्या. भांडत भांडत यंत्रं जिंतूरला पोचली.

पहिलं होतं नवं कोरं, चकचकीत, दोन कॅसेटींचं. दुसऱ्याच्या काचेमागं दोन सुया आवाजाबरोबर नाचायच्या. तिसरं करडं, लोखंडी, कुठल्याशा कचेरीच्या लिलावातलं. त्याचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज ओळखणारा तो नखाएवढा तुकडा, झिजून केसभर खाली उतरलेलं होतं. बन्सीधरनं वही केली. फितीची चाल कशी, खरखर किती, बारीक आवाज कोण पकडतं, असं रोज तिघांना ऐकून लिहून ठेवलं. सगळ्यात पहिलंच यंत्र वरचढ. करडं सगळ्यात मागं. शुक्रवारी त्यानं वहीत पहिल्याच्या नावापुढं खूण केली, आणि शनिवारी केवळाबाई आली.

केवळाबाई धनगरवाड्यावरची. पस्तिशीची असेल. नवरा उमाजी भाद्रपदात काविळीनं गेलेला. तिनं पिशवीतून खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली कॅसेट काढली.

"मिस्तरीदादा, हेच्यात मालकाची हाक हाय. तेवढी काढून द्या."

"कुणाला मारलेली हाक?"

"मेंढरांला."

मग तिनं सांगितलं. दर साली पाऊसकाळ सरला की उमाजी कळप घेऊन नदी उतरायचा आणि गोदाकाठाकडं, पालमच्या अंगाला जायचा. तिकडच्या काळ्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचे. नदीच्या अलीकडं कळप केवळाबाईचं ऐकायचा. पलीकडं न्यायचं काम उमाजीचंच. तो जिभेनं एक हाक काढायचा, त्या हाकेवर मेंढरं पाण्यात पाय घालायची. यंदा तिनं तीनदा कळप उताराला, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, नेला. तीनदा मेंढरं पाण्याच्या कडेला जाऊन बसली. उठेनात.

"दुसऱ्या कुणी काढून बगितली का हाक?"

"दिरानं बगितली. मेंढरांनी त्येच्याकडं बगितलं, अन् मुतली."

बन्सीधरला हसू आलं, पण केवळाबाई हसली नव्हती. अलीकडचा पाला संपला होता. सहा मेंढरं मेली होती, साठ उरली होती. "मंगळवारी खाटीक न्यायला येणार हाय," ती म्हणाली. "मेंढरं गेल्यावर मी अन् सासूनं काय दगडं चारायची?"

हाक तिच्या भावानं दोन वर्षांमागं गंमत म्हणून भरलेली. पुढं त्याच भावानं पुतणीच्या लग्नात त्याच कॅसेटवर बँड भरला.

बन्सीधरनं कॅसेट पहिल्या यंत्रात घातली. बँड. दुसऱ्यात घातली. बँड, सुया नाचवणारा. करड्यात घातली. बँडच, जरा घोगरा.

"बाई, टेप भरतो तव्हा आदी जुनं पुसतो, मंग नवं लिहितो," तो म्हणाला. "ह्या वाटेवरून दुसरी गाडी गेली. पहिलीची चाकोरी मोडली."

"समदी मोडत न्हाई," केवळाबाई म्हणाली. "कडंला राहती. आमी कडंच्या खुरावरूनच वळखतोत, कुणाचा कळप गेला ते."

बाई खरं बोलत होती. पुसणारं हेड जरा वर बसलेलं असलं, तर फितीच्या खालच्या कडेला जुना आवाज केसभर उरतो. पण ती कड कोणतं यंत्र ऐकतं, हे ओळखायचं कसं? इतक्या बँडखाली त्याच्या कानाला काय लागणार होतं?

त्याची अडचण ऐकून केवळाबाई म्हणाली, "उद्या म्होरकीला आणते. तिला कळंल."

म्होरकी म्हणजे कळपापुढं चालणारी मेंढी. रविवारी केवळाबाई तिला घेऊन आली. काळी, थोराड, गळ्यात घंटा. त्या दिवशी नामांतराच्या प्रश्नावरून बंद होता. दुकानं बंद, एसटी बंद, हॉटेलाची चूल थंड. भर बाराला स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. उन्हात सगळा रस्ता पांढरा पडला होता, आणि बन्सीधरला आपलंच घड्याळ ऐकू येत होतं.

मेंढी टेबलाखाली बसली. पहिलं यंत्र लावलं. बँड वाजला, मेंढी रवंथ करत राहिली. दुसरं लावलं. मेंढीनं डोळे मिटले.

करडं लावलं. बँड सुरू झाला आणि थोड्याच वेळात रवंथ थांबली. तोंडातला घास तसाच राहिला. मग तिचा एक कान उभा झाला. मग दुसरा.

बन्सीधरनं भोंग्याला कान लावला. पिपाणी, ढोल, वऱ्हाड्यांचा गोंधळ. बाकी काही नाही. मेंढी काय ऐकत होती?

"हेड हलवा," केवळाबाई हळू आवाजात म्हणाली. "मी तिचे कान बगते."

त्यानं पेचकस घेतला आणि हेडाचा स्क्रू अगदी राईएवढा फिरवला.

"कान पडले. उलटं घ्या. आणिक. आणिक थोडं. राहू द्या, राहू द्या!"

मेंढी उभी राहिली होती. तेवढ्यात बँडचं एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधी थोडी मोकळी जागा होती. त्या मोकळ्या जागेत, विहिरीच्या तळातून यावी तशी, एक हाक आली.

"अर्र्र्र… हुईक्."

हाक तीनदा आली. मग पुन्हा पिपाणी.

केवळाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, दारात कुणी वडीलधारं आल्यावर ओढतात तसा. आणि मेंढी भोंग्याकडं बघतच नव्हती. ती बन्सीधरच्या पाठीमागं, दाराकडं बघत होती. मान खालून वर नेत, एखाद्या माणसाच्या पायांपासून तोंडापर्यंत बघावं तशी.

बन्सीधरनं मागं वळून बघितलं नाही. पेचकस घट्ट धरून तो नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळानं मेंढी पुन्हा बसली, तेव्हा त्यानं बघितलं. दार रिकामं होतं. रस्ता रिकामा होता.

त्या मोकळ्या जागेतल्या तीन हाका त्यानं कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतल्या. तीनच. पुढं सगळी फीत कोरी.

सोमवारी दुपारी तो सेलवर चालणारा लहान टेप घेऊन नदीच्या उताराला गेला. पाणी गुडघाभर होतं. कळप काठावर बसला होता, बरगड्या दिसत होत्या. मागं तट्टावर बिऱ्हाड लादून, त्याचा लगाम धरून म्हातारी बानूबाई उभी होती, उमाजीची आई.

"लावा," केवळाबाई म्हणाली.

बन्सीधरनं टेप एका दगडावर ठेवला आणि बटण दाबलं.

"अर्र्र्र… हुईक्."

एक, दोन, तीन. त्यानं टेप बंद केला. अंगठा बटणावर तसाच होता. हे तो पुढं जन्मभर लोकांना सांगायचा, अंगठा बटणावरच होता म्हणून.

साठ मेंढरं एकदम उठली. घंटा वाजल्या आणि थांबल्या. म्होरकी पुढं आली. टेपाजवळून गेली, त्याला हुंगलंसुद्धा नाही. पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि तिनं मान कलती करून घासली. कशाला घासली? तिथं काहीच नव्हतं. झाड नाही, खुंट नाही. पण ती सगळं अंग टाकून रेलली होती, आणि पडत नव्हती.

मग तिनं पाण्यात पाय घातला.

तिच्यामागं सगळा कळप उतरला. बन्सीधरला वाटलं, जिंकलं! ओरडणारच होता, पण मधल्या धारेत कळप थांबला. साठ जणींचे कान एकाच वेळी डावीकडं वळले. आणि सगळा कळप डावीकडं सरकून, मोठा वळसा घालून पुढं निघाला.

उजव्या हाताला डोह होता. त्याच उन्हाळ्यात तिथली वाळू उपसलेली, पुरुषभर खोल. वरून पाणी सारखंच दिसायचं. बन्सीधरच्या हे आत्ता ध्यानात आलं, आणि त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कॅसेटवर तर वळायची हाकच नव्हती.

केवळाबाई कळपामागून पाण्यात उतरली. डोक्यावर पदर, नजर खाली.

"केवळाबाई!" बन्सीधर ओरडला. "कॅसेट राहिली तुमची!"

ती वळली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. घरात कुणी बोलत असताना आपण मधेच तोंड घातलं, की बायका ठेवतात तसं. मग ती पुन्हा चालू लागली. पुढं कळपाचे कान हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते.

बानूबाई तट्टू घेऊन त्याच्याजवळून गेली. "राहू दे लेकरा तुज्यापाशी," म्हातारी म्हणाली. "त्याला दोन तोंडं कशाला?"

कळप पलीकडं चढला. सगळा वर जाईपर्यंत बन्सीधर उभा होता. मेंढरं नेहमी दाटीवाटीनं चालतात. पण म्होरकीच्या पुढं कुणी जात नव्हतं, आणि म्होरकीसुद्धा पुढची चार हात वाट मोकळी सोडून चालत होती.

मंगळवारी खाटीक धनगरवाड्यावर येऊन रिकाम्या हातानं परत गेला.

त्याच दिवशी बन्सीधरनं केवळाबाईची बँडची कॅसेट पुन्हा करड्या यंत्रात घातली. स्क्रू जागचा हलवलेला नव्हता. गाणं संपलं, मोकळी जागा आली. नुसती खरखर. त्यानं फीत मागं नेऊन पुन्हा लावली. पुन्हा खरखर. मग कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेलं लावलं. तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी होती. बाजारात दाखवायला त्याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं.

तरी परभणीला दोनच यंत्रं परत गेली. वाहेदभाईंनी कपाळाला हात लावला. "वो डब्बा रख लिये? वो तो मैं ऐसेच डाला था, तीन गिनती पुरी करने को."

"तोच पायजे," बन्सीधर म्हणाला.

पुढची वीस वर्षं त्यानं त्याच यंत्रावर काम केलं. जिंतूर, पूर्णा, परभणीकडून माणसं यायची. पण त्या आठवड्यातच त्यानं टपरीतलं टेबल फिरवून घेतलं. आधी त्याची पाठ दाराकडं असायची, ती भिंतीला लावून घेतली.

"कामून फिरवलं?" सुमनबाईनं विचारलं.

"उजेड बरा येतो हिकडून," बन्सीधर म्हणाला, आणि यंत्र लावण्याआधी त्यानं दाराकडं बघून घेतलं.