विहीणबाईंचा खांदा

सिनेमाला जाऊन रडणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. पैसे देऊन, रांगेत उभं राहून, वर रडून यायचं म्हणजे काय! आमच्या नारायण पेठेतल्या घरात रडण्याची पद्धतच नव्हती. मुलीचे बाबा गेले तेव्हासुद्धा आम्ही मायलेकी भेटायला येणाऱ्यांना चहा करून देत होतो आणि रडत होते ते येणारेच. "मुलगी खंबीर आहे हो तुमची," असं लोक मला जाताना सांगायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि अजूनही वाटतो.

तीच खंबीर मुलगी लग्न होऊन वाघोलीला राहायला गेली. तिच्या सासूबाई मूळच्या अमरावतीच्या, मुलाच्या नोकरीमुळे पुण्यात आलेल्या. बाई वाईट नाहीत, हेच तर दुःख आहे. सासू खाष्ट असती तर मला काही काम तरी उरलं असतं. मुलीनं फोन करून गाऱ्हाणं सांगितलं असतं, मी समजूत घातली असती. इथे फोन आला की, मम्मींनी आज पाटोडीचा रस्सा केला होता, मम्मींनी माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. माझ्याकडे असताना ही मुलगी आठवीपासून स्वतःची वेणी स्वतः घालत होती. आता ऑफिसातून दमून येते आणि सासूपुढे मांडी घालून बसते म्हणे. मी "अरे वा" म्हणते आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जोरात आपटते. याला हेवा म्हणतात हे मला ठाऊक आहे, कुणी समजावून सांगायला नको.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मुलीनं आम्हा दोघींना सिनेमाला नेलं. नगर रस्त्यावरच्या एका मॉलमध्ये दुपारचा खेळ होता. ती मध्ये बसली, उजवीकडे मी, डावीकडे विहीणबाई. त्यांनी बसल्या बसल्या पर्समधून छोटा नॅपकिन काढून मांडीवर ठेवला. सिनेमा सुरूही व्हायचा होता आणि बाईंची रडायची तयारी झाली होती! मी मुलीला कोपरानं ढोसलं. एरवी ती हसली असती, पण आज नुसतं माझ्याकडे पाहून तिनं पॉपकॉर्न पुढे केलं.

सिनेमा आई आणि मुलीचा होता. मुलगी लांब शहरात, आई गावात एकटी. मी पडद्यापेक्षा बाजूलाच जास्त पाहत होते. विनोद झाला की माझी मुलगी कुणाकडे बघून हसते, काही सांगायचं असलं की कुणाच्या कानाशी वाकते. मध्यंतरापर्यंत आम्ही दोघी साधारण बरोबरीत होतो.

शेवटी ती पडद्यावरची मुलगी गावी येते, तेव्हा आई गेलेली असते. शेजारीण किल्ली देते आणि म्हणते, तुझ्यासाठी कुरडया घातल्या होत्या, गच्चीत तशाच आहेत. मुलगी वर जाते. धोतराच्या फडक्यावर कुरडया पसरलेल्या, कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. ती खाली बसून एकेक कुरडई सोडवून डब्यात भरते, एक तुटते ती तोंडात टाकते आणि तिथेच संपतं. सबंध थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. ती पडद्यावरची आई गेल्यावर इतक्या दिवसांत त्या कुरडया कावळ्यांनी कशा ठेवल्या, असा एक प्रश्न माझ्या मनात आला. तो मी मुलीला विचारणारच होते.

वळून पाहिलं तर ती रडत होती. डोळे ओलावले वगैरे नाही, हुंदके देऊन, खांदे हलवून रडत होती. तिला तसं रडताना मी ती शाळेत जायला लागल्यापासून पाहिलं नव्हतं. मी घाबरले. घाबरले की मला नेहमी सुचतं तेच मी म्हणाले, "अगं, सिनेमा आहे तो." आणि पाण्याची बाटली पुढे केली.

तिनं बाटली घेतली नाही. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि विहीणबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवत मला म्हटलं, "रडू द्या नं ताई. रड गं पोरी, मोकळी हो."

दिवे लागले. झाडूवाले दोघे दाराशी येऊन उभे राहिले. मुलगी हुंदक्यांमधून विहीणबाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती, त्याही हळूच काही बोलत होत्या, मला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. शेजारचे लोक आमचे पाय ओलांडून गेले आणि मी बाटलीचं झाकण हातात धरून बसून होते. त्या क्षणी मला त्या बाईंचा इतका राग आला की काय सांगू. सिनेमा आईचा आणि खांदा सासूचा! सख्खी आई उजव्या बाजूला धडधाकट बसलेली असताना!

मुलगी तोंड धुवायला गेली. आम्ही दोघी बाहेर कठड्याशी उभ्या राहिलो. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "तुमचं बघून तिलाही रडायची सवय लागली वाटतं."

टोमणा त्यांच्या लक्षात आला की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "माझं पाहून नाही ताई. तुमच्यासाठी रडून राहिली होती ती. म्हणे, आई एकटी असते, बरं नसलं तरी सांगत नाही, फोनवर दोन वाक्यं झाली की ठेव म्हणते. एक दिवस मलाही असंच शेजाऱ्यांकडून समजेल. मी म्हटलं, हे आईला सांग नं, बाजूलाच तर बसली आहे. तर म्हणे, आईसमोर मला रडता नाही येत."

ऐकून माझी आग शांत व्हायला हवी होती. उलट ती दुप्पट झाली. रडं माझ्यासाठीचं, शब्द माझ्याबद्दलचे, आणि मिळाले कुणाला, तर यांना. मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत होते.

तेवढ्यात मुलगी आली. चेहरा स्वच्छ पुसलेला, केस नीट बांधलेले, अगदी मी वाढवली तशी. "आई, तुला रिक्षा बुक करू ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कर."

ती मोबाइलमध्ये बघत होती तेव्हा मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांच्या फिक्या पिवळ्या साडीवर खांद्यापाशी तळहाताएवढा ओला डाग पडला होता. त्यांनी तो पुसलाही नव्हता. तो सगळा माझा होता आणि मला त्याला साधा हातही लावता येत नव्हता.