रुमालाखालची बोटं

इंदापूरच्या टायपिंगच्या बाई शिकवताना आमच्या हातांवर रुमाल टाकत. एसटी स्टँडामागच्या त्यांच्या क्लासात एखादी नवी मुलगी बटणांकडे बघत टायपिंग करायला लागली, की बाई मागून येत आणि चौकड्यांचा मोठा रुमाल तिच्या हातांसकट बटणांवर पसरत. "डोळं कागदावर ठेव. बोटांना वाट घावती," म्हणत. आम्ही कुरकुरायचो, पण खरोखरच महिन्याभरात बोटांना वाट घावायची.

बाई मूळच्या कऱ्हाटीच्या. खुर्चीत डोळे मिटून बसल्या तरी कुणाचं मशीन अडखळतंय हे त्यांना कळे. "सुमे, बोटं हितं हायत, मन कुठं हाय?" असं माझ्यावर कितीदा ओरडल्या असतील! माझं लग्न ठरत होतं त्या काळात तर जरा जास्तच.

परीक्षा पास होऊन मी बारामतीच्या एका प्रेसमध्ये लागले. तिथं तेव्हा नुकते कॉम्प्युटर आले होते. बघता बघता इंदापूरच्या पोरी बारामतीला कॉम्प्युटर शिकायला येऊ लागल्या आणि बाईंचा क्लास ओस पडायला लागला. शेवटी बाईंनी निम्मी मशिनं विकली, एक कॉम्प्युटर घेतला आणि मला निरोप धाडला, "आता तू माझी बाई. रविवारी येत जा."

कॉम्प्युटर बसवणाऱ्या माणसानं इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सोय करून दिली होती. म्हणजे 'क' हवा तर इंग्रजी 'के' दाबायचा. सगळे म्हणत, किती सोपं! बाईंची बोटं मात्र जन्मात पहिल्यांदा चाचपडायला लागली. "माझ्या मराठीनं इंग्रजीच्या दारातनं का म्हणून यायचं?" म्हणून त्या रागावत, पण रागाखाली भीती होती. आयुष्यभराची कमाई त्यांच्या बोटांत होती आणि ती आता कुणालाच नको होती. मला ते बघवत नव्हतं.

मग एका रविवारी शोधता शोधता मला त्या प्रोग्रॅममध्येच जुन्या टाइपरायटरच्या बटणांची रचना सापडली. ती निवडली आणि बाईंना बसवलं. बाईंनी सरसर एक ओळ टाइप केली, पडद्याकडे बघितलं आणि लहान पोरीसारख्या हसल्या. त्या दिवशी आम्हा सगळ्यांना भेळ मिळाली.

एक कटकट मात्र उरली. कॉम्प्युटर सुरू व्हायचा तो इंग्रजीतच. मराठी हवी असेल तर आधी कोपऱ्यातलं स्क्रोल लॉकचं बटण दाबावं लागे.

वडगाव निंबाळकरच्या शाळेची स्मरणिका निघणार होती. रविवारी मी क्लासात असतानाच हेडगुरुजी स्वतः आले. "एक पान करून दाखवा. जमलं तर सगळं पुस्तक तुमाला, न्हाय तर बारामतीला देतो," म्हणाले. ते पुस्तक मिळालं तरच क्लास टिकणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी ऐटीत आपल्याच हातांवर रुमाल टाकला, डोळे कागदावर लावले आणि गुरुजींचं मनोगत एका दमात संपवलं. मग मान वर केली.

पडदाभर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला!

गुरुजींनी चष्मा लावला. "बाई, आमची शाळा मराठी माध्यमाची हाय."

पोरी फिस्सकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी रुमाल बाजूला केला. मग म्हणाल्या, "बोटांचं काय चुकलं न्हाय, गुरुजी. आता मराठीत बोलायचंय हे ह्याला सांगायचं ऱ्हायलं." आणि हात लांब करून त्यांनी माझ्या कपाळावरची टिकली काढली अन् त्या कोपऱ्यातल्या बटणावर चिकटवली. "आता न बघता बी घावंल."

पुन्हा रुमाल पडला. बोट आधी टिकलीवर गेलं आणि मग मजकुरावर. गुरुजींनी उभ्यानंच पान वाचलं आणि राहिलेल्या कागदांचं बाड पिशवीतून काढून बाईंपुढे ठेवलं.

क्लास पुढं काही वर्षं चांगला चालला. मीही प्रेसमधल्या माझ्या कीबोर्डवर टिकली लावली. लोक हसायचे, मी हसू द्यायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाई गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन त्यांचा मुलगा माझ्याकडेच आला. "आईनं सांगून ठेवलंवतं, सुमनच करंल म्हणून," एवढंच बोलला. मी डोळे कागदावर ठेवले. बाईंचं नाव, गाव, सगळं एका दमात टाइप केलं आणि मान वर केली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला होता. आदल्याच आठवड्यात आमच्याकडे नवा कीबोर्ड आला होता. त्याच्यावर टिकली नव्हती.

मला रडू फुटलं. माझ्याही बोटांचं काही चुकलं नव्हतं. कपाळावरची टिकली काढून मी कोपऱ्यातल्या बटणावर लावली, हातांवर रुमाल टाकला आणि बाईंचं नाव पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतलं.