शेवटच्या रांगेतला रुमाल

पाहुणा आला की आम्ही त्याला चहा देतो आणि कप खाली ठेवायच्या आत नाट्यगृह दाखवायला नेतो. बाहेरून त्यात पाहण्यासारखं फार नाही. झिजलेल्या दगडी पायऱ्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेला पितळी कठडा, तिकीटखिडकीची अर्धगोल काच. पाहुणा भिंतींवर चित्रंबित्रं आहेत का ते शोधत असतो. आम्ही त्याला थेट बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत नेऊन बसवतो. मग आमच्यातला एकजण खाली रंगमंचावर जातो आणि शेजारच्याशी बोलावं तितक्याच आवाजात विचारतो, "काय हो, चहात साखर जास्त झाली होती का?" त्या क्षणी पाहुण्याचा चेहरा बघायचा असतो. त्यासाठीच तर एवढा खटाटोप.

या नाट्यगृहात आजवर माईक लागलेला नाही. छत लाकडी आहे, उलट्या नावेच्या पोटासारखं वाकलेलं. भिंतींनाही खालपासून छातीपर्यंत फळ्या आहेत. बांधणाऱ्यांनी काय हिशेब केला होता ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाकी खुर्च्या अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात, आणि खांबाआड सापडलात तर अर्धं नाटक मान वाकडी करून बघावं लागतं. तरी कुणी कुरकुरत नाही. बेकरीतला भट्टीवाला नेहमी वरचं, स्वस्तातलं तिकीट काढतो. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, नव्या नाट्यगृहात मऊ खुर्च्या आहेत, गारवा आहे." तो म्हणाला, "असू दे की, मास्तर. तिथं खांबावरचा खोका बोलतो. इथं नट माझ्याशी बोलतो."

हा आवाज ज्यांनी जपला त्यांना सगळे 'वरचे काका' म्हणतात. खरं तर त्यांचा बहुतेक दिवस खाली जातो. ते नाट्यगृहाचे सुतार. रंगमंचाखालच्या तळघरात त्यांचं कामाचं टेबल आहे, भुसा आणि सरस यांचा वास तिथून कधी हटत नाही. नेपथ्याच्या चौकटी ठोकायच्या, खुर्च्यांचे लुळे पाय बसवायचे, आणि भिंतीची एकेक फळी थापटून बघायची. बद्द वाजली की ती उतरवून नवी लावायची. हातोडीच्या ठोकाठोकीत सगळा जन्म गेला.

पण नाव पडलं ते दुसऱ्या कामावरून. नव्या नाटकाचा पहिला प्रयोग असला की त्या दुपारी काका बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतात. खाली नट किंवा नटी नाटकातलं सगळ्यात हळू म्हणायचं वाक्य म्हणते. ऐकू आलं की काका पांढरा रुमाल हलवतात. नाही हलला तर नटानं पुन्हा म्हणायचं. भल्याभल्यांना मी त्या रुमालाकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसं बघताना पाहिलं आहे. विंगेतून हमखास हळूच प्रश्न यायचा, "काय, वरच्याची कृपा झाली का?"

गेल्या वर्षी बाहेरची एक नाटकमंडळी आली. दिग्दर्शक तरुण, हुशार, बोलायला नम्र. बरोबर दोन मोठे खोके होते. आमच्या मॅनेजरबाईंना तो म्हणाला, "बाई, आमची नायिका फार हळू बोलते. भूमिकाच तशी आहे. तिला ओरडायला लावलं तर नाटक मेलं. छताला चार माईक टांगतो, म्हणजे डोक्याला ताप नाही."

"छताला भोकं?" काका म्हणाले. "माझ्या छताला?"

"तुमच्या?"

"बरं, आमच्या!"

मॅनेजरबाई इमारतीच्या काळजीनं वाळलेल्या, पण न्यायी. त्या म्हणाल्या, "रीत आहे ती आहे. रुमाल हलला तर माईक नाही. नाही हलला तर खुशाल टांगा." एकदा टांगलेले माईक पुन्हा कुणी उतरवत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. काका ताठ मानेनं जिना चढले. मीही मागोमाग गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. निवृत्त माणसाला एवढी करमणूक पुरते.

खाली नायिका उभी राहिली ती खिडकीच्या चौकटीपाशी, आमच्याकडे पाठ करून. प्रसंगच तसा होता. घर सोडून निघालेली मुलगी आईला शेवटचं सांगते, तेही वळून न बघता. ती म्हणाली, "आई, कडी लाव. नाहीतर मी परत येईन."

कानाशी बोलल्यासारखं आलं. 'परत' म्हणताना तिचा आवाज जरा कापला, तोही कळला. मी काकांकडे पाहिलं. रुमाल मांडीवर तसाच. ते डोळे बारीक करून तिच्या पाठीकडे बघत होते.

खालून दिग्दर्शकानं टाळी वाजवली. "पाहिलंत ना बाई? नाही पोचत. उघडा रे खोके."

मी काकांना कोपरानं ढोसलं. ते माझ्याकडे वळले. "बोलली का ती?"

मी मान हलवली.

"संपलं बोलून?"

मी पुन्हा मान हलवली, आणि रुमालाकडे बोट दाखवलं. अजून वेळ गेली नव्हती. रुमाल हलवला असता तर म्हाताऱ्याला जरा उशीर झाला एवढंच लोक म्हणाले असते. काकांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि कठडा धरून उभे राहिले.

"थांबा! खोके उघडू नका. पोरीचा आवाज इथवर आलाय, या मास्तरांनी ऐकलाय. मला नाही आला, कारण मला आता इतक्या लांबचं ऐकू येतच नाही. कान माझे गेलेत, नाट्यगृहाचे शाबूत आहेत!"

खोके उघडायला वाकलेली माणसं सरळ झाली.

"वाक्य संपलं की माणूस खांदे सैल सोडतो," काका सांगत होते. "मी हल्ली खांद्यांवरून ओळखत होतो. आज समोर पाठ आली."

"म्हणजे इतके दिवस रुमाल उगाच हलत होता?" दिग्दर्शकानं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं. मी तो प्रश्न काकांच्या कानाशी मोठ्यानं पुन्हा सांगितला.

"उगाच हलला असेल. पण मागच्या रांगेतून एक तरी तक्रार आली का, विचारा बाईंना."

मॅनेजरबाईंनी मानेनं 'नाही' म्हटलं.

"पण मास्तर तुमचे मित्र," दिग्दर्शक म्हणाला. "त्यांची साक्ष मी कशी धरू?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी बसते वर. माझी आणि यांची काही मैत्री नाही. नुसता संसार केलाय."

काकू होत्या. काकांचा डबा घेऊन आल्या होत्या आणि दारातच अडकल्या होत्या. डबा मॅनेजरबाईंच्या हातात देऊन त्या जिना चढल्या, धापा टाकत काकांच्या जागी बसल्या. "कान तपासा म्हणून घसा फोडत होते मी," त्या मला म्हणाल्या. "म्हणे, तू पुटपुटतेस."

नायिका पुन्हा पाठ करून उभी राहिली. नाटकातलं वाक्य काकूंनी दारातून ऐकलेलं असणार, हे तिच्याही ध्यानात आलं असावं. क्षणभर थांबून तिनं त्याच आवाजात विचारलं, "काकू, जिना चढून दमलात का हो?"

"दमले ग," काकू बसल्या जागेवरून साध्या आवाजात म्हणाल्या. "पण तू काही खाल्लंस का? मघापासून उभीच आहेस."

नायिका वळली आणि हसायला लागली. ते हसूही जसंच्या तसं वर आलं. काकूंचं बोलणं खाली दिग्दर्शकालाही ऐकू गेलं होतं. त्यानं वाकून खोक्याचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं आणि आपल्या माणसांना म्हणाला, "छताला हात लावायचा नाही."

काकांना हे मी हातवारे करून समजावलं. त्यांनी खिशातला रुमाल काढून काकूंपुढे धरला. "आजपासून हे काम तुझं."

काकूंनी तो उलटसुलट करून बघितला. "निदान धुतलेला तरी द्यायचा!"

प्रयोग भरगच्च झाला. सुटल्यावर बाल्कनीतली माणसं उतरू लागली तेव्हा काका जिन्याच्या तळाशी उभे होते. प्रत्येकाला विचारत होते, "वर आलं का नीट?" बहुतेकजण मान डोलवून पुढे जात होते. भट्टीवाला मात्र थांबला.

"काका, ती कडी लाव म्हणाली ना, तेव्हा माझा हात उठला कडी लावायला!"

काकांनी कानामागे तळवा धरला. "काय म्हणालास? मोठ्यानं बोल."

भट्टीवाल्यानं मोठ्यानं सांगितलं. गर्दीतली चार डोकी वळली. तिकीटखिडकीपाशी उभा असलेला दिग्दर्शकही वळला.

"अजून जरा मोठ्यानं."

भट्टीवाल्यानं छाती भरून घेतली आणि साऱ्या दालनाला ऐकवलं.

"पुरे आता," काकू म्हणाल्या. "पहिल्याच वेळी ऐकलंत तुम्ही."

काकांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तळवा तसाच कानामागे ठेवून ते जिन्यावरून उतरणाऱ्या पुढच्या माणसाकडे वळले.